पाण्याकडे तोंड

पेणहून परदेशी जातात ते गणपती. खोक्यात गवतावर नीट बसून, सोंडेला कागद गुंडाळून, वर 'सांभाळून उचला' असं लिहून घेऊन ते जातात. त्यांच्या खालोखाल आमच्या तालुक्यातून सगळ्यात जास्त परदेशवाऱ्या माझ्याच झाल्या असतील, पण मला सांभाळून उचला असं कोणी कुठं लिहिलं नाही. अकरा वर्षांत चार देश आणि सात क्लब झाले. मी फुटबॉल खेळायचो, मधल्या फळीत, आणि त्यावर माझं पोट होतं. मस्कतला दोन वर्षं, मग काठमांडू, मग ढाका, परत काठमांडू, आणि शेवटी मालदीवचं एक एवढंसं बेट. कोणी एका हंगामासाठी घ्यायचं, कोणी दोन. हंगाम संपला की 'गुणाजी, तू चांगला माणूस आहेस' असं म्हणायचे. आपल्याला चांगला माणूस म्हणाले की बॅग भरायला घ्यायची, एवढं मला कळायला लागलं होतं.

अकरा वर्षांतले माझे गोल दोन. त्यातला एक माझ्याच संघावर.

गावाला ते काही केल्या पटायचं नाही. सुट्टीत पेणला रामवाडीच्या एसटी स्टँडवर उतरलो की रिक्षावाल्यापासून सुरुवात व्हायची. "किती गोल मारलेस?" मी सांगायचो की माझं काम गोल मारायचं नाही. मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. "म्हंजे हमाली," एकजण म्हणाला होता. माझं डोकं फिरलं, पण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडे बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं, की ते बुजवायला माणसांची रांग लागते आणि चिखलाचा गोळा हातोहात पुढं जातो. मधल्यानं गोळा हातात धरून विचार करत बसायचं नसतं. लहानपणी मी तेवढंच शिकलो. रोह्याच्या एका कारखान्याच्या टीमनं मला त्यावर शिफ्टमध्ये नोकरी दिली, आणि तिथून पुढं अकरा वर्षं मी जगभर तेवढंच करत फिरलो.

बांधाचं नीट सांगायला हवं, नाहीतर माझे बाबा तुम्हाला कळायचे नाहीत. मला कळायला पस्तीस वर्षं लागली.

आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या कडेला. भाताची शेतं आणि मिठागरं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत आणि मध्ये फक्त मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते तेव्हा पाणी बांधाच्या काठाला लागतं. खेकड्यानं केलेलं एक भोक पुरतं. खारं पाणी आत आलं की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी धरत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत भरतीच्या वेळी गावातला एक माणूस बांधावर राखणीला उभा असतो. नियम एकच. पाणी उतरायला लागेपर्यंत त्यानं खाडीकडे पाठ करायची नाही. मागं गावात वरात येवो नाहीतर मारामारी होवो.

पाळ्या लावलेल्या असायच्या. पण माझे बाबा, पुंडलिक, स्वतःची पाळी करून वर दुसऱ्यांच्याही करायचे. जनूकाकाची कंबर धरली, बाबा उभे. कोणाची पोरगी बाळंत झाली, बाबा उभे. माझ्या धाकट्या बहिणीचं, मालूचं लग्न लागलं तेव्हाही बाबा उभे, कारण भटजीनं काढलेला मुहूर्त नेमका पौर्णिमेच्या भरतीवर पडला. आईनं आकांडतांडव केलं. "पोरीचा बाप मांडवात नाय, लोक काय म्हनतील?" बाबा म्हणाले, "सगळं गाव मांडवात हाय, म्हनून तर!" शेवटी आईनं मूठभर अक्षता त्यांच्या खिशात घातल्या. भोंग्यावर मंगलाष्टकं ऐकू आली तसे बाबा खाडीकडे तोंड करून उभे राहिले आणि दर 'सावधान'ला खांद्यावरून मागं, मांडवाच्या दिशेला अक्षता टाकत राहिले. निम्म्या जनूकाकाच्या कोंबड्यांनी खाल्ल्या. गावात अजून ही गोष्ट हसून सांगतात. मालूही हसते. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं.

कारण माझा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. पेणच्या शाळेच्या मैदानावरचा नाही, रोह्याचा नाही. दर वेळी मी तारीख सांगायचो, ते कॅलेंडरातली तिथी बघायचे आणि मान हलवायचे. "त्या दिवशी अवस हाय." मी परदेशातून फोन करायचो तेव्हाही खेळाचं एक अक्षर विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"तिकडं पाणी कुठं हाय?"

मस्कतला सांगितलं की समुद्र जवळच आहे, पण मध्ये भिंत आहे. "दगडी का मातीची?" दगडी. "बरं." ढाक्याला तर त्यांनी मला नदीची रुंदी विचारून आणायला लावली. काठमांडूला गेलो तेव्हा म्हटलं, "बाबा, इथं समुद्रच नाही. सगळे डोंगर आहेत." पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "मंग ब्येस हाय. तिथंच ऱ्हा." मी फोन ठेवून खोलीत एकटाच चिडलो होतो. त्याच आठवड्यात आम्ही उपांत्य फेरीत गेलो होतो, आणि हा माणूस समुद्र नाही म्हणून खूश! माझ्या बापाला माझ्यापेक्षा बांध प्यारा, अशी माझी तेव्हा खात्रीच झाली.

मालदीवच्या त्या बेटावर गेलो आणि फोनवर सांगितलं, "बाबा, इथं चारी बाजूंना पाणी आहे. बेट ह्या टोकाकडून त्या टोकाला चालत वीस मिनिटं." पलीकडून "चारी?" एवढंच आलं. मग आईनं फोन घेतला.

पस्तिसाव्या वर्षी तिथल्या कोचनं मला 'चांगला माणूस' म्हटलं. हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता. ह्यानंतर कुठला क्लब मला घेणार नव्हता, आणि खरं सांगतो, गुडघाही आता मला घेत नव्हता. मी हिशोब घातला तो एवढाच, की बाबांनी मला एकदा खेळताना बघावं. एकदाच. सामना अष्टमीला होता. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी बांधाच्या पायाशीही येत नाही. म्हणजे ह्या वेळी तिथीची सबबही नव्हती. मी तिकिटं पाठवली, गावातच दिलेल्या मालूनं मागे लागून त्यांना पासपोर्ट काढायला लावला, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा पांढरा सदरा, टोपी, आणि आईनं बांधून दिलेलं सुकट, पापड आणि अक्षतांची पुडी घेऊन विमानात बसले. परतीचं तिकीट त्रयोदशीचं होतं, उधाणाआधी घरी पोचायला.

बोटीतून उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी बेटाकडे बघितलं. मग वाकून धक्क्याच्या खाली बघितलं.

"गुणा, बांध कुठं हाय?"

"बांध नाही, बाबा. इथं नसतो बांध."

"राखतो कोन मंग?"

"कोणी नाही राखत."

ते हसले. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळं बेट पायी फिरून आले तेव्हा मात्र हसत नव्हते. धक्क्याच्या बाजूला त्यांनी एक काठी रोवली आणि रोज भरतीला तिच्यावर चाकूनं खूण करायला लागले. त्यांना भाषा येत नव्हती, पण दोन दिवसांत बेटावरचे सगळे म्हातारे त्या काठीपाशी येऊन बसायला लागले.

अष्टमीला सकाळपासून वारा सुटला. समोरचा संघ दुसऱ्या बेटावरून बोटीनं येणार होता. दुपारी निरोप आला की समुद्र खवळलाय, बोट निघू शकत नाही. सामना आठ दिवस पुढं गेला. मी बोटांवर तिथ्या मोजल्या. प्रतिपदा! पौर्णिमेपेक्षा प्रतिपदेचं पाणी मोठं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अकरा वर्षं तिथ्या चुकवत आलो आणि शेवटी तिथीनंच गाठलं.

मी बाबांना सांगितलं आणि लगेच वर म्हटलं, "तुम्ही जा. तिकीट आहे तुमचं. मला ठाऊक आहे तुमचं उत्तर." आवाज चढलाच होता माझा.

बाबा उठून काठी बघायला गेले. परत आले ते थेट म्हणाले, "फोन लाव मालूला."

मी लावला. ते ओरडून बोलले, फोनचं गाव लांब असलं की मोठ्यानं बोलावं लागतं अशी त्यांची समजूत आहे. "मालू, मी नाय येत गो. पुनवेपास्नं माझी पाळी तू घे. व्हय, तूच. खाडीकडं पाठ करू नको." आमच्या गावात राखणीला बाई उभी राहण्याची ती पहिली खेप.

मला आभाळ ठेंगणं झालं. पुंडलिकबाबा उधाण सोडून माझा सामना बघायला थांबले! मी रात्री आईला फोन करून सांगितलं, कोचला सांगितलं, जेवण वाढणाऱ्यालाही सांगितलं. ते आठ दिवस मी विशीतल्या पोरासारखा पळलो. गुडघ्याला म्हटलं, बाबा रे, आठ दिवस गप बस, मग तुला जन्माची सुट्टी.

समोरच्या संघाला उजेडात बोटीनं परतायचं होतं, म्हणून सामना भर दुपारी बाराला ठेवला, तरी मैदान भरलं होतं. एका बाजूला पत्र्याच्या शेडखाली सिमेंटच्या पाच पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या मागं कमरेएवढी भिंत, तिच्यापलीकडे लगेच समुद्र. मी बाबांना खालच्या पायरीवर चांगली जागा धरून दिली होती. त्यांनी मात्र वरची पायरी पकडली. तिथून सगळं दिसतं, असं म्हणाले. मला ते पटलं.

मी चांगला खेळलो. स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. चेंडू येत होता आणि जात होता, पायाला लागतोय हेही कळत नव्हतं. आणि सत्तर मिनिटं झाल्यावर चेंडू मागून आला, मी सवयीनं उजवीकडे द्यायला वळलो, तर उजवीकडचा गडी घसरून पडलेला. डावीकडचा अजून मागंच. द्यायला कोणी उरलंच नाही, म्हणून मी मारला. वीस-बावीस पावलांवरून. चेंडू खांबाला लागून आत गेला.

पोरं माझ्या अंगावर पडली. मैदान 'गुना, गुना' करून ओरडायला लागलं. मी सगळ्यांना ढकलून बाहेर आलो आणि शेडकडे बघितलं. वरच्या पायरीवर पांढरा सदरा आणि टोपी होती. पाठमोरी.

सगळं मैदान उभं होतं आणि माझा बाप समुद्राकडे तोंड करून बसला होता.

त्यानंतरचा सामना मी कसा खेळलो मला आठवत नाही. आम्ही एक-शून्यनं जिंकलो, असं नंतर पोरांनी सांगितलं. शिट्टी वाजली तसा मी कोणाशी हातही न मिळवता शेडकडे गेलो. डोळ्यांपुढं लाल झालं होतं. पायऱ्या चढतानाच बोलायला सुरुवात केली.

"बाबा! अकरा वर्षं झाली! एवढ्या लांब आणलं तुम्हाला. एकदा मान वळवता आली नाही?"

त्यांनी न वळता हात वर केला. "थांब. अजून उतराया लागलं नाय."

मी थांबलो, कारण राखणीच्या माणसाला वळवायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शेजारी जाऊन उभा राहिलो आणि भिंतीपलीकडे बघितलं. माझे दात-ओठ खाणं जागच्या जागी राहिलं. पाणी भिंतीच्या काठापासून वीतभर खाली होतं. मोठी लाट आली की शिंतोडे थेट बाबांच्या सदऱ्यावर येत होते, सदरा पुढून चिंब झाला होता. पायाशी ती खुणा केलेली काठी होती. भिंतीच्या एका चिरेत त्यांनी स्वतःचा खांद्यावरचा पंचा कोंबून बसवला होता.

पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही तसेच. मग एक ओला दगड पाण्याबाहेर दिसला आणि दिसतच राहिला.

"उतरलं," बाबा म्हणाले, आणि वळले. सामना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मला नखशिखान्त बघितलं. "लागलं नाय ना कुठं?"

"नाही."

"जिकलास?"

"तुम्ही बघितलं नाहीत."

"तुम्ही बावीस जनं खेळात," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होते. "बघनारी समदी तुमच्याकडं बघतात. येवढी मानसं, आन पान्याकडं एकाचं तोंड नाय. तू मधी हायस. मंग मी काय करू, गुणा? तिकडं मालू हाय, गाव हाय. हितं तुला कोन हाय?"

ते माझ्या सामन्यासाठी थांबले नव्हते. बांध नसलेल्या बेटावर, मोठ्या उधाणाला, ऐन भरतीच्या वेळी त्यांचा पोरगा पाण्याकडे पाठ करून खेळणार होता, म्हणून थांबले होते. आणि 'तिकडं पाणी कुठं हाय' हा प्रश्न अकरा वर्षं ते माझ्या काळजीनं विचारत होते, बांधाच्या नाही. मी किती मूर्ख असावं! मला रडू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

तोंड पुसायला खाली वाकलो तेव्हा बुटाखाली काहीतरी करकरलं. कुंकू लावलेले तांदूळ होते. बाबांच्या पाठीमागं, पाचही पायऱ्यांवर, थेट खाली मैदानाच्या रेषेपर्यंत. खालच्या पायरीवरचे दोन म्हातारे अजून डोक्यातून झटकत होते.

"तुझं नाव घेऊन वरडाया लागले," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "म्हटलं, झालं वाटतं कायतरी बरं. म्हनून टाकल्या."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी पेणला पोरा-पोरींना फुटबॉल शिकवतो, आणि बांधावर बाबांच्या पाळ्या माझ्याकडे आल्यात. मालूची थोरली, चंद्रावती, माझ्या संघात मधल्या फळीत खेळते. गेल्या महिन्यात रोह्याला तिचा सामना होता आणि त्याच दिवशी अमावास्या. मी काही बोलायच्या आत बाबा धुतलेला सदरा घालून तयार. म्हणाले, तू बांधावर हायस, मंग मी जातो. आईनं पुडी खिशात घातली.

मी खाडीकडे तोंड करून उभा होतो तेव्हा फोन आला. नेहमीसारखे ओरडत होते. मागं पोरींचा गलका होता. पहिल्या मिनिटापासून बघत होते म्हणे, पापणी लवू दिली नव्हती. कोण पडलं, कोणी कोणाला ढकललं, पंच कसा आंधळा आहे, सगळं सांगितलं. कोणी किती गोल मारले ते मात्र सांगायचं राहिलं.

"आपली चंदा मधी हाय," ते म्हणाले. "तिचंच बघीत बसलो. चेंडू आला का दिला, आला का दिला. धरून बसत नाय. रांगेत जसं मधलं मानूस पायजे ना, तसं." मग एकदम विचारलं, "गुणा, तू बी असाच खेळायचास?"

"व्हय, बाबा."

"मंग चांगला खेळायचास की रं!"

पाणी उतरायला अजून वीसेक मिनिटं होती. मी फोन खिशात ठेवला आणि डोळे पुसायला हातही वर नेला नाही, समोर बघत उभा राहिलो.